भिंतीतली ओल नेमकी येते कुठून? जुन्या घरातल्या ओलीचं मूळ शोधण्याची पद्धत

आमच्या जुन्या घराच्या मागच्या खोलीत, गुडघ्याएवढ्या उंचीवर, एक ओला डाग होता. दोनदा खरवडून रंग दिला, दोन्ही वेळा पोपडे धरले. मग ठेकेदाराने सांगितलं, ही जमिनीतून चढणारी ओल आहे. त्याने जोत्याजवळ ओळीने भोकं पाडली आणि त्यात रसायन भरलं. पुढच्या पावसात डाग होता तिथेच उमटला. शेवटी एकदा भर पावसात छत्री घेऊन घराच्या मागे जाऊन उभा राहिलो तेव्हा कळलं की छपराच्या पन्हळीचा उभा पाइप भिंतीकडच्या बाजूने चिरला आहे. समोरून तो अगदी धडधाकट दिसायचा. पाइप बदलला, भिंत सुकायला वेळ दिला आणि डाग गेला.

हा लेख त्या चुकीतून शिकून लिहिला आहे. जुनं घर नव्यानेच ताब्यात आलं असेल आणि भिंती ओल्या दिसत असतील, तर उपाय विकत घेण्याआधी कारण कसं शोधायचं हे यात क्रमाने सांगितलं आहे. बहुतेक काम घरच्या घरी होतं. लागतं ते म्हणजे पेन्सिल, वही, टॉर्च, थोडं प्लास्टिक, चिकटपट्टी आणि थोडा संयम.

आधी धोका नाही ना, ते बघा

ओल स्विचबोर्ड, प्लग किंवा दिव्याच्या जोडणीपर्यंत पोचली असेल तर त्या भागाचा वीजपुरवठा मुख्य बोर्डावरून बंद करा आणि वायरमनला बोलवा. बाकीचा शोध त्यानंतर. छताचा गिलावा खाली झुकला असेल, फुगला असेल किंवा ठोकल्यावर पोकळ वाजत असेल, तर त्याखाली झोपू-बसू नका.

लाकडी तुळया असतील तर त्यांची भिंतीत शिरणारी टोकं टॉर्चच्या उजेडात बघा आणि स्क्रू-ड्रायव्हरचं टोक हलकेच दाबून पाहा. निरोगी लाकूड टोचू देत नाही. टोक सहज आत गेलं, तर आधी बांधकाम जाणणाऱ्या अभियंत्याला दाखवा. लाकडातला ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांपुढे बराच काळ राहिला की ते कुजण्याची भीती सुरू होते, आणि तुळईचं टोक भिंतीत दडलेलं असल्याने तिथली कूज फार उशिरा दिसते.

आणखी एक. जुन्या रंगाच्या थरांत शिसं असू शकतं आणि जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस. कोरडं घासून धूळ उडवू नका आणि असल्या पत्र्यांना भोकं पाडू नका.

खुणा करा, रंग देऊ नका

ओल दिसली की ती झाकायची घाई होते. पण रंग दिला की पुरावा जातो. त्याऐवजी डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढा आणि रेघेवर तारीख लिहा. आठवड्याने परत बघा. कड रेघेबाहेर गेली असेल तर नवी रेघ, नवी तारीख. आत सरकली असेल तरी तसंच. एकाच जागी उभं राहून फोटोही काढत जा.

वहीत रोज दोन ओळी पुरतात: आज पाऊस झाला का, वारा कोणत्या दिशेने होता, न्हाणीघर किती वापरलं, खिडक्या बंद होत्या की उघड्या, भिंतीला हात लावल्यावर काय जाणवलं. मला विचाराल तर या सगळ्या कामातली सर्वात मोलाची वस्तू ही वही आहे. ओल कुठे आहे हे कुणालाही दिसतं. ती कधी वाढते आणि कधी ओसरते, हे फक्त त्या घरात राहणाऱ्याला कळू शकतं, आणि कारण बहुतेक वेळा या ‘कधी’मध्येच सापडतं.

पाऊस पडल्यावर काही तासांत किंवा दिवसाभरात डाग गडद होतो आणि उघडीप मिळाली की फिका पडतो, असं असेल तर पाणी छपरातून, बाहेरच्या भिंतीतून किंवा पन्हळीतून येतं आहे. पावसाशी काही संबंध नाही, डाग बारा महिने सारखाच ओला आहे किंवा हळूहळू पसरतो आहे, तर आधी पाइपांचा संशय घ्या. थंडीच्या दिवसांत, पहाटे, खिडक्या बंद असताना वाढत असेल तर हवेतली वाफ थंड भिंतीवर जमते आहे. आणि ऋतूप्रमाणे फार सावकाश, आठवड्यांच्या हिशेबाने वरखाली होत असेल तर जमिनीतल्या पाण्याचा विचार करायचा. जाड दगडी भिंतीत मात्र पाणी आतल्या अंगाला पोचायला बरेच दिवस लागू शकतात. तिथे दोन-तीन दिवसांच्या नोंदीवरून निष्कर्ष काढू नका.

डाग वाचायला शिका

वहीसोबत डागाची जागा आणि आकारही बघा. छताच्या मध्यावर गोल, कडेला तपकिरी वलय असलेला डाग असेल तर वरून थेंब पडत आहेत. असे एकात एक वलयांचे डाग दिसले तर गळती अधूनमधून होते आहे आणि प्रत्येक वेळी डाग सुकून नवी कड सोडतो आहे. भिंत आणि छत मिळतात त्या रेषेवर ओल असेल तर गच्चीचा कठडा, छपराची कड किंवा पन्हळ बघा. खिडकीच्या खालच्या दोन कोपऱ्यांतून उतरणारी ओल खिडकीच्या पाटातून आत येते. कपाटामागे, बाहेरच्या भिंतींच्या कोपऱ्यात काळे ठिपके असतील तर ती बहुधा वाफेवर वाढलेली बुरशी. फरशीलगत सलग पट्टा असेल तर संशयित अनेक आहेत, त्याबद्दल पुढे.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: डागाच्या बरोबर मागे किंवा बरोबर वर कारण असेलच असं नाही. छपरातून आत आलेलं पाणी वाशावरून, तुळईवरून, वायरच्या नळीतून घरंगळत जातं आणि मिळेल त्या फटीतून खाली उतरतं. स्लॅबमध्येही ते भेग सापडेपर्यंत आडवं सरकतं. म्हणून डागापासून निघून पाण्याच्या उलट वाटेने, म्हणजे वर आणि बाहेर, शोधत जायचं.

पांढरी भुकटी आणि बुरशी यांत नवखा माणूस हमखास गोंधळतो. ओळखायला सोपं आहे. त्यावर पाण्याचा थेंब टाका. भुकटी विरघळून दिसेनाशी झाली तर तो लोणा, म्हणजे विटा, माती किंवा गिलाव्यातले क्षार, जे पाणी सुकताना पृष्ठभागावर मागे राहिले. बुरशी विरघळत नाही, नुसती ओली होते. लोणा दिसला म्हणजे भिंतीतून पाणी बाहेर येऊन सुकतं आहे. नुसती बुरशी असेल आणि लोणा अजिबात नसेल तर पाणी बहुतेक हवेतून आलेलं आहे.

भर पावसात बाहेर जा

जुन्या घरांतली बरीचशी ओल ही साधी पावसाच्या पाण्याची व्यवस्था बिघडल्याची ओल असते. उन्हात घराभोवती फेरी मारली तर ती दिसत नाही. जोराचा पाऊस चालू असताना बाहेर जा आणि छपरापासून खाली पाण्यामागे नजर फिरवा.

कौलारू छप्पर असेल तर सरकलेली, फुटलेली कौलं बघा. त्याहून नीट बघा ते सांधे: छप्पर भिंतीला टेकतं ती जागा, दोन उतार मिळतात ती खोलगट पट्टी, धुराड्याभोवतीचा भाग. छप्पर सपाट पृष्ठभागापेक्षा सांध्यांवर जास्त गळतं. आतून माळ्यावर दिवसा दिवे बंद करून उभं राहिलं तर फटीतून येणारा उजेड दिसतो. तीच पाण्याचीही वाट.

गच्ची असेल तर पाणी कुठे साचतं ते पावसानंतर तासाभराने बघा. निचऱ्याचं तोंड पालापाचोळ्याने बुजलं आहे का, कठड्याच्या पायथ्याशी भेग आहे का, टाकीचे पाइप गच्चीच्या पृष्ठभागातून खाली उतरतात तिथला सांधा उघडा पडला आहे का. कोरड्या दिवसांत खात्री करायची असेल तर निचरा बंद करून गच्चीवर दोन-अडीच सेंटिमीटर पाणी साठवून २४ ते ४८ तास ठेवतात आणि खाली डाग उमटतो का ते बघतात. पण हे सांभाळून करायचं. २५ मिलिमीटर पाण्याचं वजन दर चौरस मीटरला २५ किलो होतं. लाकडी तुळयांवरची किंवा आधीच भेगाळलेली गच्ची असेल तर अभियंत्याला विचारल्याशिवाय हा प्रयोग करू नका.

मग पन्हळी. त्या भरून वाहत आहेत का, सांध्यातून पागोळीसारखं पाणी भिंतीवर पडतं आहे का? उभ्या पाइपामागे हात घालून बघा, किंवा एखादा छोटा आरसा धरा. पाइप बहुतेक वेळा भिंतीकडच्या बाजूला गंजतो किंवा चिरतो, कारण ती बाजू नीट सुकत नाही आणि तिला कुणी रंगही देत नाही. पाइपामागे हिरवट शेवाळाचा उभा पट्टा दिसला तर भिंत तिथे बराच काळ ओली राहिली आहे असं समजा.

खिडकीचा पाट बाहेरच्या बाजूला उतरता हवा आणि त्याच्या खालच्या अंगाला कडेजवळ एक बारीक खाच हवी. या खाचेमुळे पाणी पाटाखालून भिंतीकडे न वळता कडेवरूनच थेंबाथेंबाने खाली पडतं. वर्षानुवर्षांच्या रंगाने किंवा सिमेंटने ही खाच बुजलेली असते. एवढीशी खाच खिळ्याने मोकळी केली तर खिडकीखालची ओल थांबल्याची उदाहरणं मी बघितली आहेत. छज्जांखालीही अशीच खाच असते, तीही तपासा.

शेवटी जमीन. घराभोवतीची माती किंवा फरसबंदी वर्षांमागून वर्षं वाढत जाते. बागेत भर टाकली, जुन्या फरशीवर नवी बसवली, रस्ता उंच झाला. बाहेरची पातळी आतल्या फरशीच्या किमान १५ सेंटिमीटर खाली असावी. ती वर आली असेल तर भिंत सरळ मातीला टेकून पाणी पिते. पातळी बरोबर असली तरी भिंतीला लागून टणक फरशी असेल तर पाऊस तिच्यावर आपटून भिंतीवर शिंतोडे उडवतो आणि फूटभर उंचीपर्यंतचा पट्टा ओला राहतो. आतून बघणाऱ्याला हे सगळं हुबेहूब जमिनीतून चढलेल्या ओलीसारखं दिसतं.

पावसाची वाट बघायची नसेल तर पाण्याची नळी वापरता येते. पण पद्धत पाळा. खालून सुरुवात करा आणि वर वर जा. आधी फक्त जोत्याजवळ दहा-पंधरा मिनिटं पाणी मारा, आत एक माणूस बघत राहू दे. काही झालं नाही तर खिडकीच्या पाटापर्यंत, मग चौकटीच्या कडा, मग वरचा छज्जा. वरून सुरुवात केली तर पाणी खालच्या सगळ्या भेगांवरून ओघळतं आणि नेमकी कोणती गळते ते कळतच नाही.

नळ, पाइप आणि न्हाणीघर

पावसाचा संबंध लागत नसेल तर घरातलं पाणी तपासा. पाण्याचं मीटर असेल तर रात्री सगळे नळ बंद करा, टाकी भरणारा कॉकही बंद करा, मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि सकाळी कुणी पाणी वापरण्याआधी परत वाचा. आकडा सरकला तर मीटर आणि घराच्या मधल्या किंवा घरातल्या दाबाच्या पाइपात गळती आहे. वर टाकी असेल तर तिच्यातल्या पाण्याच्या पातळीवर खूण करून तीच परीक्षा टाकीखालच्या पाइपांसाठी घेता येते. फक्त फ्लशची टाकी आतल्या आत गळत नाही ना, ते आधी बघा. तिच्यात थोडा खाण्याचा रंग टाकायचा आणि अर्धा तास फ्लश करायचा नाही. भांड्यात रंग उतरला तर तिथे पाणी जातं आहे.

सांडपाण्याचे पाइप मात्र मीटरला कळत नाहीत, कारण त्यांच्यात पाणी फक्त वापराच्या वेळी असतं. त्यांना वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या रंगाचं पाणी सोडून तपासतात. न्हाणीघराच्या बाबतीत तीन टप्पे करा आणि दोन टप्प्यांमध्ये एक-दोन दिवस जाऊ द्या. पहिल्या दिवशी बादलीने पाणी थेट जाळीत ओता, फरशी भिजू न देता. खाली ओल आली तर निचऱ्याचा पाइप. नाही आली तर पुढच्या वेळी जाळी बंद करून फरशीवर थोडं पाणी उभं ठेवा. आता आली तर फरशी किंवा तिच्या कडेचा सांधा. तरीही नाही, तर शॉवर फक्त भिंतीच्या टाइल्सवर मारा. टाइल्सच्या दरजा, म्हणजे मधले सांधे, झिजलेल्या असतात आणि पाणी त्यांच्यामागे जातं. हे तीन टप्पे नीट पार पाडले तर अख्खं न्हाणीघर फोडण्याचं काम कित्येकदा वाचतं.

लगतच्या घराशी भिंत सामाईक असेल तर पलीकडे काय आहे हे जाऊन विचारा. तुमच्या झोपायच्या खोलीमागे त्यांचं न्हाणीघर असू शकतं. एसीच्या पाण्याची नळीही विसरू नका. ती भिंतीतून गेली असेल आणि तुंबली असेल तर उन्हाळ्यात, बाहेर सगळं कोरडं असताना, भिंत ओली होते.

हवेतलं पाणी

या ओलीचा पत्ता लागणं अवघड, कारण गळणारं असं काहीच नसतं. हवेत वाफ सामावण्याला मर्यादा असते आणि ती तापमानावर ठरते. १० अंश सेल्सियसच्या हवेत दर घनमीटरला जास्तीत जास्त सुमारे ९ ग्रॅम वाफ राहू शकते, २० अंशांना सुमारे १७ आणि ३० अंशांना सुमारे ३०. उबदार हवा थंड भिंतीला भिडली की जादाचं पाणी भिंतीवर सुटतं. खोलीत २० अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर सुमारे १४ अंशांहून थंड असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी जमेल. बुरशीला तर थेंबांचीही गरज नसते. भिंतीलगतच्या हवेची आर्द्रता दीर्घकाळ ८० टक्क्यांच्या आसपास राहिली तरी तिला पुरतं.

घरात एवढी वाफ येते कुठून? श्वासातून, घामातून, स्वयंपाकातून, अंघोळीतून आणि घरात वाळत घातलेल्या कपड्यांतून. गॅसची ज्योतही पाणी बनवते. एक किलो स्वयंपाकाचा गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ तयार होते. धुराडं नसलेला गॅस हीटर खोलीत लावला तर ती सगळी खोलीतच राहते.

तपासायला भिंतीचा ओला भाग आधी पंख्याने वरवर सुकवा. मग त्यावर हातभर लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिक किंवा ॲल्युमिनियमची फॉइल चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा. दोन दिवसांनी बघा. खोलीकडच्या बाजूला पाणी जमलं असेल तर ते हवेतलं. काढल्यावर मागच्या, भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर पाणी भिंतीतून येतं आहे. दोन्हीकडे असतील तर दोन्ही. ही परीक्षा दोन-तीन जागी करा, त्यातली एक जागा कोरडी वाटणारी घ्या, म्हणजे तुलना होते.

सोबत एक साधा हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता मोजणारं यंत्र) आणा आणि सकाळ-रात्र आकडे लिहा. खिडक्यांच्या काचा पहाटे ओघळत असतील, कपाट भिंतीला अगदी चिकटून असेल, न्हाणीघराचा पंखा बंद पडलेला असेल, तर संशय पक्का होत जातो. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून महिनाभर बघा. नुसतं तेवढ्यानेच मागची बुरशी थांबली तर कारण सापडलंच.

इथे एक उलटा प्रकारही आहे, आणि तो बहुतेक मार्गदर्शनात राहून जातो. जाड भिंती आणि दगडी फरशी सावकाश तापतात. थंडी संपून अचानक उबदार दमट हवा आली की घरातल्या फरशीला घाम फुटतो. लोक म्हणतात खालून पाणी आलं, आणि कोंदट वास जावा म्हणून खिडक्या सताड उघडतात. त्याने ओल वाढतेच, कारण बाहेरच्या हवेत आतल्यापेक्षा जास्त पाणी असतं. खिडकी उघडण्याचा फायदा बाहेरची हवा खरोखर कमी वाफेची असेल तेव्हाच होतो. अशा दिवसांत दुपारपर्यंत घर बंद ठेवा आणि फरशी सुकते का बघा.

थंड पाण्याच्या पाइपांनाही असाच घाम फुटतो आणि तो गळतीसारखा दिसतो. पाइप पुसून त्याभोवती कोरडा टिश्यू कागद गुंडाळा. सगळा कागद सारखा दमट झाला तर घाम, एकाच सांध्याजवळ भिजला तर गळती.

जमिनीतून चढणारी ओल: सगळ्यात शेवटी

विटा, दगड आणि चुन्यातल्या बारीक छिद्रांतून पाणी वर चढतं, जसं टीपकागदात चढतं. हे खरं आहे. नव्या बांधकामात जोत्यावर पाणी न शोषणारा थर घालतात. जुन्या घरांत तो नसतोच, किंवा कालांतराने तुटलेला असतो. तरीही या निदानावर सगळ्यात शेवटी यावं असं माझं ठाम मत आहे. कारण फरशीलगतची प्रत्येक ओल अशीच दिसते, आणि यावरचे उपाय महाग असून एकदा केले की परत फिरवता येत नाहीत.

खरी चढणारी ओल असेल तर काही गोष्टी एकत्र दिसतात. ओलीचा पट्टा भिंतीच्या लांबीभर असतो, एका ठिकाणी गोळा झालेला नसतो. भिंत तळाशी सर्वात ओली असते आणि वर जाताना ओल कमी होते. वरची कड नागमोडी असते, तिथे लोणा धरलेला असतो, आणि ती साधारण मीटरभराच्या आत थांबते, कारण तेवढ्यात वर चढणारं पाणी आणि सुकून जाणारं पाणी यांचा मेळ बसतो. घराच्या मधल्या भिंतींनाही, जिथे पाऊस पोचत नाही, तसाच पट्टा असतो. फक्त एकच बाहेरची भिंत ओली असेल आणि मधल्या कोरड्या असतील, तर मी पुन्हा बाहेर जाऊन पन्हळ आणि मातीची पातळी बघेन.

क्षारांचं एक वैशिष्ट्य इथे कळायला हवं. जमिनीतून येणारे काही क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात. दमट हवेत मिठाला पाणी सुटतं तसंच. साधं मीठ सुमारे ७५ टक्के आर्द्रतेच्या वर पाघळायला लागतं, काही नायट्रेट क्षार त्याहून बऱ्याच कमी आर्द्रतेला. त्यामुळे पाण्याची वाट बंद झाल्यावरही क्षार भरलेला गिलावा दमट दिवशी ओला दिसतो आणि कोरड्या दिवशी सुकतो. असा डाग पाहून लोक उपाय फसला असं समजतात. खरं तर तिथला गिलावा काढून नवा करायचा एवढंच उरलेलं असतं.

आधीच्या दुरुस्त्या

जुन्या भिंती बहुतेक चुन्यात किंवा मातीत बांधलेल्या असतात. त्या थोडं पाणी पितात आणि सुकताना सोडतात. अशा भिंतीवर टणक सिमेंटचा गिलावा, टाइल्स किंवा जाड ऑइलपेंट चढवला की पाण्याची बाहेर जायची वाट बंद होते. ते मग वर सरकतं किंवा दुसऱ्या बाजूने फुटतं. सिमेंटच्या बारीक भेगांतून पाऊस आत शिरतो, पण त्याच वाटेने परत येत नाही. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ सालचं आहे. त्याआधीच्या घरावर सिमेंट दिसलं तर ते नंतर कुणीतरी थापलेलं आहे हे नक्की.

ओल कमरेच्या उंचीवर अचानक आडव्या सरळ रेषेत सुरू होत असेल तर रेषेखाली काय थापलं आहे ते बघा. कडेला सुरीने ओरखडा काढा. चुन्याचा गिलावा मऊ, पांढरट किंवा पिवळसर असतो आणि सहज खरवडतो. सिमेंटचा राखाडी आणि चिवट. कित्येकदा कुणीतरी खालचा भाग सिमेंटने बंद केल्यामुळे ओल तेवढीच वर सरकलेली असते.

मीटरच्या आकड्यावर किती विसंबायचं

भिंतीत दोन सुया टोचणारा ओलावा-मीटर मुळात लाकडासाठी बनवलेला असतो. तो विजेचा प्रवाह किती सहज जातो ते मोजतो, आणि क्षारांतूनही वीज सहज जाते. म्हणून लोणा लागलेली पण कोरडी भिंतही मीटरवर ‘ओली’ येते. एकाच भिंतीवर कुठे जास्त, कुठे कमी, एवढं बघायला तो ठीक. उष्णता दाखवणारा कॅमेरासुद्धा ओल दाखवत नाही, फक्त थंड-गरम दाखवतो. थंड जागा ओलीमुळे थंड आहे की पातळ भिंतीमुळे, हे माणसालाच ठरवावं लागतं. खरा आकडा हवा असेल तर भिंतीत वेगवेगळ्या उंचीवर सावकाश भोक पाडून आतला भुसा गोळा करायचा, त्याचं वजन करायचं, प्रयोगशाळेत सुमारे १०५ अंशांवर सुकवून परत वजन करायचं. यातून भिंतीच्या पोटात किती पाणी आहे आणि ते उंचीप्रमाणे कसं बदलतं, दोन्ही कळतं.

कुणी तज्ज्ञ बोलवलात तर वही त्याच्या हातात द्या आणि विचारा: हे पाणी कुठून येतं, आणि ते कशावरून? पाच मिनिटं मीटर टेकवून, घराबाहेर फेरीही न मारता जो उपाय सांगेल त्याचं ऐकू नका. शक्य असेल तर तपासणीचे पैसे वेगळे द्या, आणि ज्याला दुरुस्तीचं काम मिळणार नाही अशा माणसाकडून ती करून घ्या.

कारण सापडल्यावर

जुन्या घरात एकाहून जास्त कारणं असणं नेहमीचं आहे. भिजलेली भिंत कोरडीपेक्षा थंड असते, म्हणून पाइपाच्या गळतीने ओल्या झालेल्या भिंतीवर वाफही जास्त जमते. त्यामुळे सगळे उपाय एकदम करू नका. स्वस्त आणि सोपं आधी: पन्हळ साफ करा, पाइप बदला, माती उतरवा, खाच मोकळी करा, कपाट पुढे ओढा. एका उपायानंतर थांबा आणि पेन्सिलीच्या रेघा बघा.

थांबायचं म्हणजे किती, तर जाड भिंतीला बराच वेळ लागतो. साधारण महिन्याला २५ मिलिमीटर जाडी सुकते असा जुना ठोकताळा आहे. म्हणजे २२५ मिलिमीटरची भिंत नऊ महिने घेऊ शकते, दमट हवेत जास्तही. या काळात भिंतीवर पुट्टी किंवा रंग चढवू नका. फुगलेला गिलावा काढून भिंत उघडी ठेवता आली तर उत्तम. वर येणारा लोणा कोरड्या ब्रशने झाडून, गोळा करून बाहेर टाका, पाण्याने धुऊ नका, नाहीतर तो विरघळून परत भिंतीत शिरतो. मोठा हीटर लावून सुकवायची घाईही नको. त्याने गिलावा तडकतो आणि क्षार एकदम पृष्ठभागावर ओढले जातात. पंखा आणि कोरड्या हवेच्या दिवशी उघडी खिडकी पुरेशी आहे.

पुढच्या पहिल्या मोठ्या पावसात परत छत्री घेऊन बाहेर जा, दुरुस्त केलेल्या जागी पाणी कसं वाहतं ते बघा, आणि त्याच संध्याकाळी आत येऊन शेवटच्या रेघेवर हात ठेवा. सलग दोन-तीन मोठ्या पावसांत रेघ जागची हलली नाही आणि भिंत आतूनही सुकली, की मग नवा गिलावा करायला हरकत नाही. जुनी भिंत चुन्याची असेल तर गिलावाही चुन्याचाच करून घ्या.